फाटकावरचं काळं कापड

ब्रेझोवो, ५ जून

प्रिय सोतिरभाऊजी,
स. न. वि. वि.

छत्री बांधून डोंगरावरून उडणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी तुमच्या पर्यटन मंडळाने काढलेलं पुस्तक इथे पोचलं. आपल्या देशात इतक्या तऱ्हेचे डोंगर, दऱ्या आणि सरोवरं आहेत, हे वाचूनच कळलं. मुखपृष्ठावर आपलंच फाटक. खाली छापलंय की, उतरणाऱ्यांना वारा कळावा म्हणून ब्रेझोवोचे गावकरी फाटकावर कापड लावतात.

भाऊजी, ते कापड तुमच्या भावाच्या, नाउमच्या दुखवट्याचं आहे. वर्षभर ठेवायचं असतं. ते बघून रोज कुणीतरी माझ्या लसूणघासात उतरतो. तेवढी दुरुस्ती करा. नाउमच्या सहा महिन्यांच्या स्मरणाला रविवारी यालच.

मुलांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.
रिस्ताना

स्कोप्ये, ९ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फोटो मीच दिला होता, ओळ कार्यालयातल्या मुलीची. तिने गाव पाहिलेलं नाही, पण तिची भाषा फार सुंदर आहे. पुस्तकं वाटून झाली; आता दुरुस्ती म्हणजे मंडळाची शोभा. त्यापेक्षा हंगामापुरतं तुम्हीच काळं काढून नारिंगी लावाल का? लांबून छान दिसतं. दादा समजून घेईल, तो समजूतदारच होता.

रविवारी जमणार नाही. 'आपले डोंगर, आपली माणसं' या विषयावर माझं भाषण आहे.

रागावू नये, लोभ ठेवावा.
सोतिर

ब्रेझोवो, १८ जून

प्रिय सोतिरभाऊजी,
स. न. वि. वि.

भाषण चांगलं झालं असेल.

रविवारी अंगणात टेबल मांडलं. गाव गवत कापायला गेलेलं, त्यामुळे मी आणि शेजारची वेलिका मावशी दोघीच. दुपारी खालच्या सपाटीवरून गरम वारा चढला आणि एक चेक माणूस घासात उतरला. स्मरणाच्या दिवशी जो दारात येईल त्याला जेवू घालायचं, हे तुम्हाला आठवत असेल. मी स्मरणासाठी शिजवलेला गोड गहू पुढे केला. कापडाकडे बोट दाखवून तो म्हणाला की वारा झकास आहे. मी नाउमचा फोटो दाखवला. त्याने हेल्मेट काढलं, मग जेवायला बसला. त्याला जेवताना बघून वरचे बाकीचेही उतरले.

मावशी म्हणाली की, जन्मभर कुणाला घरी न बोलावणाऱ्या नाउमने आता पाहुणे थेट वरूनच धाडलेत, तेव्हा रडत बसू नकोस बये, वाढ. पाव, मिरच्या, वाइन, सगळं संपलं.

दुरुस्ती राहू द्या. कापड काळंच राहील. वर्षाच्या स्मरणाला तुम्ही या. रस्त्याने आलात तरी चालेल.

लोभ आहे, तो असू द्यावा.
रिस्ताना