ताऱ्यावरून हाक मारायला किती ताकद लागते

आबा, आई गेल्यावर तुम्ही बोलणंच टाकलंत, त्याचा राग मला अजून येतो. जळगावच्या रेडिओ केंद्रावर ट्रान्समीटर सांभाळणारा माणूस, ज्याच्या जिवावर पारोळा-भडगावच्या घराघरांत आवाज पोचायचा, तो स्वतःच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर मुकाट जेवून उठायचा. धुळ्याची मावशी तुम्हाला बोलतं करायला आली. "पोर घाबरी गयेल शे, दाजी. काहीतरी बोला ना," म्हणाली. तुम्ही तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवलात.

मला एवढंच उमगलं होतं, की ट्रान्समीटरबद्दल विचारलं की तुम्ही दोन शब्द बोलता. मग मी विचारतच सुटले. मनोरा एवढा उंच का, वीज कडाडली की खरखर का येते. पंधरवड्यात ट्रान्समीटरचे प्रश्न संपले आणि माझं धाबं दणाणलं. भाकरी थापता थापता तोंडाला आलं ते विचारलं, "आबा, लांबच्या ताऱ्यावरून कुणी हाक मारली, तर इथं ऐकू यायला केवढा ट्रान्समीटर लागेल?"

तुमचा घास हातातच राहतो. आणि तुम्ही हसता, कितीतरी दिवसांनी. "अगं, अंतर दुप्पट झालं की ताकद चौपट लागते. चहूकडे आवाज फेकायचा तर जगातली सगळी वीजघरं जोडली तरी पुरायची नाहीत. पण मोठी तबकडी नेमकी आपल्याकडे रोखली, तर भुसावळच्या एका वीजघरात भागेल."

"मग रोखत का नाहीत?"

"आपण इथं आहोत हे त्यांना ठाऊक कुठंय?"

भाकरी करपली. तुम्ही ती तशीच खाल्लीत आणि म्हणालात, "तुझी आई असती तर म्हणाली असती, दोघांना वेड लागलंय." ती गेल्यापासून घरात तिचा विषय पहिल्यांदा निघाला होता.

पुढे कितीतरी वर्षं मी त्या बिचाऱ्या परग्रहवासीयांचा पिच्छा सोडला नाही. मला त्यांच्यात काडीचा रस नव्हता. ते तुम्हाला कळू नये म्हणून केवढा आटापिटा करायचे मी!

आणि मग दवाखाना. मी तुमच्या उशाशी बसले होते. तुम्ही डोळे न उघडताच माझा हात धरलात. "विचार ना गं काहीतरी. मला बोलतं करायला विचारायचीस, तसं." म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं! मला एकही प्रश्न सुचला नाही. नुसती रडत राहिले.

आज सकाळपासून घरात येरझाऱ्या घालून शेवटी लिहायला बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण खरं सांगू, आबा? तुम्हाला काहीतरी विचारायचं म्हणूनच बसले होते, आणि आत्ताही सुचत नाही.