गवताची वाट, माणसांची वाट

६ डिसेंबर १९३६, रविवार. भोर

आबांनी आज ठरवून टाकलं — वेल्ह्याच्या मास्तरांना होकार द्यायच्या आधी त्यांना गडावर न्यायचं! एक नाही, दोन. सकाळी तोरणा चढायचा, डोंगराच्या धारेनं राजगड गाठायचा आणि दिवस मावळायच्या आत खाली. "माणूस चढताना कळत नाही सारजे, उतरताना कळतो," म्हणाले. वा! जावई बघायचाय की बैल?

मास्तर म्हणजे कुंडलिकराव. वेल्ह्याच्या शाळेवर आहेत, दोन वर्षं झाली. भामाआत्यानं हे स्थळ काढलं. दिवाळीनंतर मला बघायला आले तेव्हा 'स्वयंपाक येतो का' विचारलं नाही. 'शाळेत पोरींना काय शिकवता' विचारलं, आणि मी सांगत होते तोवर ऐकत राहिले. पोहे गार झाले त्यांचे! मला पसंत आहेत. हे इथंच लिहिते, दुसरीकडं बोलायची सोय नाही.

गंमत म्हणजे आबा स्वतः राजगडावर कधी गेलेले नाहीत! तीस वर्षं दप्तरात कारकुनी केली, गडांचे जुने कागद तोंडपाठ. कुठली वाट कुठं उतरते, झोपेतून उठवून विचारा. पायांना मात्र घर ते दप्तर एवढीच वाट ठाऊक.

८ डिसेंबर, मंगळवार

मीही जाणार! आबा म्हणाले, "तुझं काय काम तिथं?" म्हटलं, "जन्मभर ज्याच्याबरोबर चालायचं, त्याची चाल मी नको बघायला?" आई पदराआड हसली. 

१२ डिसेंबर, शनिवार. वेल्हे

सर्व्हिस मोटारीनं कापूरहोळ, नसरापूर. पुढं बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली. आत्याकडं उतरलो. ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मास्तर लई गुणाचा हाय गं. पर तुजा बा म्हंजी —" तेवढ्यात आबा आले, गप्प!

उद्या पहाटे निघायचं. दुपारनंतर गाडी पालीला, राजगडाच्या पायथ्याशी येऊन थांबेल. देवी, एवढं नीट पार पाड. मला दुसरं काही नको.

१४ डिसेंबर, सोमवार. वेल्हे

अंग अंग ठणकतंय. काल लिहायला बोटंसुद्धा वळेनात. पण लिहायलाच हवं, नाहीतर पोट फुगेल.

तोरण्याची चढण भारीच! आबांचा दम दुसऱ्याच टेपाडाला गेला, पण कबूल करतील तर शपथ. दर वीस पावलांवर थांबायचे आणि गडाचा इतिहास सांगायला लागायचे. मास्तर दर वेळी थांबून ऐकायचे. गडावरच्या मेंगाईदेवीची ओटी भरली. मग बुधला माचीवरून उतरून धार धरली — दोन्ही अंगांना दरी, मधून आम्ही. वारा असा, की पदर खोचून खोचून बेजार. एके ठिकाणी मी सरळ बसून सरकले. मास्तरांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. बरं वाटलं.

राजगडावर पद्मावतीच्या तळ्यापाशी भाकरी सोडली तेव्हा उन्हं कलली होती. आता उतरायचं कुठनं? मास्तर म्हणाले, पाली दरवाजानं. लांब पडेल, पण पायऱ्या आहेत. आबांचं तोंड वाकडं! "पायऱ्यांनी कोणीही उतरेल. कागदात इथं एक चोरवाट लिहिलेली आहे." असं म्हणून तटाच्या खिंडारापाशी गेले आणि ओरडले, "ही बघा!"

खरंच वाट! चांगली दोन हात रुंद, झाडून काढल्यासारखी, सरळ खाली. वाटेत काटा नाही, खडा नाही. मलासुद्धा वाटलं, हीच बरी. माझे गुडघे केव्हाचे कुरकुरत होते.

मास्तर आडवे उभे राहिले. "आबासाहेब, इथनं नाही. ही गवताची वाट आहे, माणसांची नव्हे."

माचीवरचं गवत कापतात, पेंढ्या बांधतात आणि डोक्यावरून वाहण्याऐवजी ह्या घळीतून लोटून देतात. पेंढ्या घासून घासून घळ गुळगुळीत होते. आणि वळणाच्या पलीकडं काहीच नाही, नुसता कडा! पेंढ्या तिथनं खाली पडतात, खालची माणसं गोळा करून नेतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, केवढी रुळलेली वाट.

"तुम्हांला काय माहीत?" आबा.

मास्तरांचे कान लाल झाले. "गेल्या साली मी उतरलो होतो."

तेवढ्यात मागून खो खो हसू. गडापलीकडच्या धनगरवाड्यातली म्हातारी, ठकुबाई, डोक्यावर तुपाचं मडकं घेऊन पालीला घालायला निघाली होती. "म्याच काडला की त्येला! कड्यावर करवंदीच्या जाळीला धरून बसला व्हता. वरनं घोंगडी सोडली तवा आला. लई रडलं बगा मास्तर!"

आबा वळले. "रडलात?"

"हो, रडलो. आईला हाका मारल्या."

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. होणाऱ्या सासऱ्यापुढं असं सरळ कबूल करणारा पुरुष मी तरी पाहिलेला नाही! माझ्या छातीत कसंसंच झालं. लाजच वाटते लिहायला, पण झालं.

आबांना मात्र चेव आला. "रडक्या माणसाचं ऐकून मी कागद खोटे म्हणू?" आणि पाऊल टाकलं खिंडारात! मास्तरांनी त्यांचा दंड धरला. घट्ट! म्हणाले, "आबासाहेब, सोयरीक मोडली तरी चालेल. तुम्हांला इथनं उतरू देणार नाही."

आबांचा दंड आजवर कुणी धरलेला नाही. मी घाबरले, मग ठकुबाईला विचारलं, "आजी, तुम्ही कुठनं उतरता?"

"बाई डोईवर मडकं घिऊन जितनं उतरती ती वाट. बाकी समद्या गप्पा!" आणि चालू लागली पाली दरवाजाकडं. मी भाकरीचं फडकं उचललं आणि तिच्या मागं. मास्तर मागं. एकट्यानं उतरायचं धाडस आबांना कुठलं! आले पुटपुटत.

बरंच खाली एक वळण आहे, तिथून तो कडा दिसतो. वर आता कुणीतरी गवत लोटायला लागलं होतं. एक पेंढी घळीतून सुसाट आली, कड्यावरून सुटली — आणि पडतेय, पडतेय! खाली आपटली तेव्हा चिंध्या. एवढ्या लांबून आवाजसुद्धा आला नाही. 

आबा बघत होते. पागोटं काढलं, पुन्हा घातलं. मास्तरांनी तेवढ्यात खाली बसून वहाणेचा अंगठा नीट करायला घेतला. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. मी बघितलं.

१५ डिसेंबर. भोर

परत आलो. गाडीत म्हटलं, "आबा, ती पेंढी बघितलीत ना?" तर म्हणे, "कुठली पेंढी? मला संध्याकाळचं लांबचं दिसत नाही."

घरी आबांनी आईला सांगितलं, "मास्तर भित्रा आहे. वर अंगाला हात लावतो." झालं! माझं नशीब त्या दंडावरच अडलं.

आई म्हणाली, "जिवंत परत आणलंन तुम्हांला." आबा अंघोळीला निघून गेले.

१७ डिसेंबर, गुरुवार

आंबवड्याचं एक स्थळ आहे, मागं कुणी सुचवलेलं. आबांनी त्यांना पत्र सांगितलं — रविवारी बघायला या. आबांचा हात कापतो, म्हणून त्यांची सगळी पत्रं मीच लिहिते. म्हणजे माझ्याच लग्नाचं बोलावणं मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात! शाई सांडायची फार इच्छा झाली. सांडली नाही. शाळेत पोरींना काय तोंड दाखवू.

रात्री जेवले नाही. आईनं विचारलं तर म्हटलं पोट बिघडलंय. आईला कळतं सगळं.

२० डिसेंबर, रविवार

आंबवड्याचे आले. मुलगा, नाथाजीराव, आणि त्यांचे चुलते चिमाजीराव. जमीनदार माणसं, मिशा तुपात बुडवल्यासारख्या. पोहे गरम असतानाच संपवले.

नाथाजीरावांना 'नाही' हा शब्द येत नाही! आबा म्हणाले हवा कोरडी आहे — हो, फार कोरडी. आबा म्हणाले, पाऊस पडेल असं वाटतंय — हो हो, पडणारच! मी आतून ऐकत होते, आई चिमटे काढत होती.

मग आबांनी गडाचा विषय काढला. (काढणारच!) म्हणाले, राजगडावर तटाच्या खिंडारापासून एक चोरवाट खाली उतरते, जुन्या कागदांत आहे.

"हां हां, आहे की!" नाथाजीराव. "आपण उतरलोय तिथनं. दोनदा! काय सुरेख वाट आहे, आबासाहेब!"

आबा सुपारी कातरत होते. अडकित्ता हवेतच राहिला. मग म्हणाले, "दोनदा?"

"दुसऱ्या खेपेला तर अंधारात!"

आबांनी सुपारी कातरून पानावर ठेवली, पान पुढं केलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "कळवतो."

पाहुणे गेल्यावर आबा झोपाळ्यावर बसून राहिले. मधेच एकदा आपल्याशीच म्हणाले, "अंधारात!" मला काही विचारायचा धीर झाला नाही. उद्याचा दिवस कसा उजाडतोय कोण जाणे.

२१ डिसेंबर, सोमवार

सकाळी आबांनी दौत-टाक आणायला सांगितलं. मी खाली मान घालून बसले. आंबवड्याचं नाव कुठं येतं याची वाट बघत होते. आबा खिडकीबाहेर बघत सांगत गेले —

"रा. रा. कुंडलिकराव मास्तर, मुक्काम वेल्हे, यांसी. पेंढी आम्हीही पाहिली होती. लग्न वैशाखात, भोरास. वऱ्हाड कुठल्या वाटेनं आणायचं ते तुम्हीच ठरवा, आम्ही मधे बोलणार नाही."

ह्या वेळी शाई सांडलीच! पत्र दोनदा लिहावं लागलं.