बिस्किटाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
सोमवार, १७ फेब्रुवारी २००३

प्रिय रायन,

पाकिटावर रेव्हरंड फादर लिहिलं आहे, आत लिहिणार नाही. हे पत्र तुझ्या बहिणीचं आहे. आम्ही ठीक. तुझा खोकला गेला का? मिस्सानंतर थंडीत चर्चबाहेर गप्पा मारत उभा राहू नकोस.

यांचं कंत्राट संपलं. ज्याच्या सहीशिवाय इथून हलता येत नाही, त्या कफीलनेही सही केली. आठ मार्चचं विमान आहे. खोकी बांधून झाली.

अडलं आहे ते प्रार्थना गटापाशी. इथे चर्च नाही. फादर दोन-तीन महिन्यांनी येतात. एरवी दर शुक्रवारी तुस्कानोंच्या घरी आम्हीच जमतो. तीन वर्षांपूर्वी आमची प्रमुख बर्था गावी परतायची होती, तेव्हा तिच्या जागी कोण यावरून महिनाभर कुजबुज चालली. शेवटी नॉरबर्ट तुस्कानो म्हणाला, "येशूला दगा देणाऱ्या यूदासची जागा भरायला प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, मत्थिया निवडला गेला. आपणही तेच करू."

"म्हणजे मी यूदास का?" बर्था म्हणाली. सगळे हसले.

माझं अक्षर बरं म्हणून सहा जणांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. एक काढली, माझी निघाली. उरलेल्या पाच नॉरबर्टने उघडू दिल्या नाहीत. "हरलेलं कोणी नको," म्हणाला. बिस्किटाच्या डब्यात घालून त्याने त्या क्रुसाखाली ठेवल्या.

गट मी चांगला चालवला. आवाज खाली, गाड्या लांब उभ्या, वेळेवर सुरुवात. शेजाऱ्यांची एक तक्रार नाही.

परवा मी जाणार असल्याचं सांगितलं. "मत्थियाने कधी राजीनामा दिला होता का गं?" नॉरबर्टने विचारलं. मग म्हणाला, "जा तू. शुक्रवारी त्या पाचांतली एक काढू." आणि डबा माझ्याच हातात दिला. तो आता या कागदाशेजारी आहे.

गेल्या वर्षी गावी त्याची आई आजारी होती. जाऊ का, असं त्याने मला विचारलं. उपवासकाळ चालू होता, गायनाला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, ईस्टर झाल्यावर जा. "बायकोने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं," तो म्हणाला, "पण चिठ्ठी तुझी निघाली." ईस्टरच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी आई गेली. देवाची इच्छा, असं तो अजून म्हणतो, आणि त्यावरच उभा आहे.

रायन, सहाही चिठ्ठ्यांवर मी माझंच नाव लिहिलं होतं.

नॉरबर्ट कोणाला नाही म्हणत नाही. तो प्रमुख झाला असता तर महिन्याभरात शंभर माणसं आणि चार गिटारी जमल्या असत्या, आणि घरमालकाने सगळं बंद केलं असतं. हे कारण खरं आहे. मला प्रमुख व्हायचं होतं, हेही खरं आहे.

काल पाच नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, या वेळी बरोबर नावांच्या. बदलायला एक मिनिट पुरेल. कोणाला कळणार नाही, मी सुटेन, आणि नॉरबर्टचं समाधानही शाबूत राहील. हे शेवटचं मी स्वतःला फार वेळा सांगितलं. दोनदा झाकण काढलं. दोनदा लावलं.

पत्राने पापक्षमा मिळत नाही हे मला ठाऊक आहे. मागतही नाही. फोन करू नकोस. फोन हॉलमध्ये आहे, आणि तुझा आवाज ऐकला तर मी पळवाट विचारेन. शेजारची नूरी बुधवारी मुंबईला निघते आहे, तिच्याबरोबर पत्र देते. तुला ते शनिवारी मिळेल. तोवर सगळ्यांसमोर डबा उघडून झालेला असेल.

नव्या पाच चिठ्ठ्या याच पाकिटात आहेत. मी पुन्हा लिहायला बसले, तर या तुझ्याकडे साक्षीला राहतील. जाळू नकोस.

नॉरबर्टसाठी प्रार्थना कर. माझ्यासाठी नंतर.

सहाही चिठ्ठ्यांवरची,
तुझी ताई
जॅनेट