गोळीवरचे चार ओरखडे

स्टेन क्रीक, मोंटाना
सोमवार, ९ सप्टेंबर १९९६

लायल, माझ्या पोरा,

तू बरा असशील असं धरून चालते. मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. तर काल सगळ्यांत आधी दारात कोण उगवलं असेल? डॅरेल टफ्ट, बाबांचा नेमबाज दोस्त! चर्चमधून येऊन अर्धा तास झाला नव्हता, मी अजून चांगल्या झग्यातच, आणि हा पायरीवर टोपी हातात धरून उभा. डॅरेलच्या हातात टोपी! स्वतःच्या लग्नातसुद्धा डोक्यावरून काढली नव्हती त्यानं. मागे बिलिंग्जचे दोघे नेमबाज, एक लांबोडका, एक गोल. गोल माणूस चांगला. आल्या आल्या ॲपल पायचा वास आला म्हणाला.

ते आले ब्रिटामुळे. आर्डिसची ब्रिटा, तुझी भाची, तू गेलास तेव्हा पोटातही नव्हती, आता अठरा पुरी झाली. शनिवारी काउंटीच्या सामन्यात तिनं दोनशे यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या आणि कागदावर भोक एकच. माझ्या कोटाच्या बटणाएवढंही नाही. पंच म्हणाला, एक लागली, चार हरवल्या. मग मागचा पुठ्ठा काढून तपासला तेव्हा पाचही धरल्या. पोरगी तिथं उभी राहून च्युइंग गम चघळत होती, जशी काय रोजच असं करते. करतेच म्हणा. माझ्या गोठ्याच्या भिंतीवर असे कागद पुष्कळ टाचलेत.

डॅरेल खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सिग्ने वहिनी, ऑरिनला जाऊन तीन वर्षं झाली. आता गुपित ठेवून काय करणार? जाण्याआधी किती काडतुसं भरून ठेवली होती त्यानं?"

मी कॉफी ओतत होते. ओततच राहिले.

ब्रिटा ओट्यावर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "कुठली आजोबांची? ही आजीनं गेल्या मंगळवारी भरली. तिथं, त्या बाकावर. रेडिओ लावून."

लायल, तू तेव्हा खोलीत हवा होतास. लांबोडक्याचा घास तोंडातच राहिला. डॅरेल माझ्याकडे असा बघायला लागला जसं आमच्या गाईनं बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, तुम्ही?"

"मी," म्हटलं. "आणि ॲपल पाय पण मीच केला, तो का नाही विचारत?"

मग काय, सगळे उठून मागच्या खोलीत. तुला आठवते ती, शिवणयंत्र आणि बाबांचा काडतुसं भरायचा प्रेस शेजारी शेजारी. डॅरेल म्हणाला, दाखवा. मी एप्रन चढवला आणि दाखवलं. पितळी पुंगळीत बंदुकीची दारू तोलून घालायची हे सगळ्यांनाच येतं. खरी गंमत पुढं, गोळी पुंगळीच्या तोंडात किती खोल बसवायची. खोल बसवली तर नळीतल्या पिळाच्या कंगोऱ्यांपर्यंत पोचायला तिला लांब उडी मारावी लागते. वर ठेवली तर आखूड. कुठल्या रायफलीला कुठली उडी मानवते ते पुस्तकात नसतं, तिलाच विचारावं लागतं. केसभर इकडंतिकडं झालं की पाचही गोळ्या कोंबड्या उधळल्यासारख्या कागदभर.

लांबोडक्यानं कॅलिपर काढला आणि गोळीच्या टोकापासून मोजायला लागला. मी त्याच्या हातावर चापट मारली. खरंच मारली! म्हटलं, "बाबा रे, टोकं सगळी सारखी नसतात, कारखान्यात कुणाचं नाक लांब येतं, कुणाचं नकटं. जिथं गोळी नळीच्या मापाची होते, त्या खांद्यापासून मोज." त्यानं वहीत लिहून घेतलं. मी बोललेलं कुणीतरी लिहून घेतलं, लायल. अपूर्णांकांच्या धड्यापाशी माझी शाळा सुटली, सहावीत, बटाटे काढायला. आणि आयुष्य सगळं इंचाच्या हजाराव्या भागात गेलं.

मग मी त्यांना मेणबत्तीचा प्रकार दाखवला. रिकाम्या पुंगळीत गोळी मुद्दाम वर ठेवायची, मेणबत्तीवर धरून काजळी धरू द्यायची, आणि अलगद रायफलीत घालून बाहेर काढायची. कंगोरे लागले तर काजळीत ओरखडे उठतात. मग जरा खोल बसवायची, परत काजळी, परत ओरखडे. ओरखडे उठायचे थांबले की त्या रायफलीचा घसा कुठं आहे ते कळलं. तिथून पुढं उडी मोजायची. ब्रिटाच्या रायफलीला चौदा वेगवेगळ्या मापांवर पाच पाच मारून बघितलं. अख्खा जुलै त्यात गेला, वाटाण्याला पाणी घालायचं राहून वाटाणा जळाला. अकराव्या मापाला भोकं एकमेकांत शिरली. पोरगी गोठ्यातून ओरडत आली, "आजी, सापडलं!" आणि आम्ही दोघी अंगणात नाचलो. गुडघा तेव्हाच दुखावला.

गोल माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्या क्लबात इतकं हलक्या हातानं बसवणारा एकही नाही." मला मॅडम म्हणाला. मी तिसऱ्यांदा ॲपल पाय वाढला त्याला.

आणि इथं खरं म्हणजे मला थांबून तुला दुसरंच काही लिहायचंय. मघापासून वाटाण्यात आणि ॲपल पायमध्ये फिरतेय.

डॅरेलनं विचारलं, "मग जुन्या काळातली, ऑरिनच्या नावावर अख्खी काउंटी जी मागायची, ती?"

म्हटलं, "बासष्ट साली त्याचा हात गवत बांधायच्या यंत्रात गेला. अंगठ्याचं टोक आणि दोन बोटं. शर्टाचं बटण लावता येत नव्हतं त्याला. तेव्हापासून सगळी माझी." आम्ही दोघांनी ठरवून कुणाला सांगितलं नाही. बाबांकडे तेवढंच उरलं होतं, की लोक म्हणायचे ऑरिनसारखं काडतूस कुणी भरत नाही. ते मला काढून घ्यायचं नव्हतं. तुम्हा पोरांनाही सांगितलं नाही. ते दार लावून घ्यायचे आणि माझ्या शेजारी बसून दारू तोलायचे, आणि मी बसवायचे. आमचा सुखाचा वेळ होता तो.

तर हे ऐकून डॅरेलनं मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे सत्त्याहत्तरच्या राज्याच्या सामन्यात लायलकडे तुम्ही भरलेली होती. मग काडतुसं चोखच, ऑरिन खरंच बोलला. पोराचाच हात थरथरला."

आणि मी काय केलं असेल? कॉफी ओतली, खरं बोलले नाही. एकोणीस वर्षांपूर्वी केलं तेच.

लायल, तुझा हात थरथरला नव्हता.

त्या आठवड्यात तुझ्या रायफलीला नवी नळी बसवून आणली होती. नवी नळी म्हणजे नवा घसा, हे मला माझ्या नावासारखं माहीत होतं. पण शेगडीवर चोकचेरीचा जॅम शिजत होता, सामना दुसऱ्या दिवशी. प्रेस बाबांच्या जुन्या रायफलीच्या मापावर लावलेला होता. तिचा घसा हजारो गोळ्यांनी झिजून पार पुढं गेलेला. मेणबत्ती पेटवायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, चालेल. त्याच लांबीवर तुझी पन्नास बसवून टाकली आणि जॅम ढवळायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच काडतुसाला तू म्हणालास, "बाबा, रायफलीचा बोल्ट जड बंद होतोय." मी पाच पावलांवर होते, सँडविचची टोपली घेऊन. ऐकलं आणि त्याच क्षणी कळलं. उडी सोड, गोळी सरळ कंगोऱ्यांत रुतत होती. नळी फुटली असती तर, हा विचार मी आजही भांडी घासताना करते आणि हात थांबतो. ओरडायला हवं होतं. पण ओरडले असते तर भरतं कोण हे मैदानभर झालं असतं, बाबांच्या देखत.

तुझ्या गोळ्या कागदभर पसरल्या. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "काडतुसांत खोट नाही. खोट हातात आहे." आणि तू शेवटचं काडतूस न उडवताच बाहेर काढलंस, टेबलावर उभं केलंस, रायफल त्याच्या शेजारी ठेवलीस आणि निघून गेलास. पार समुद्रकाठी, टॅकोमापर्यंत गेलास.

बाबांना मी त्या हिवाळ्यात सांगितलं. ते म्हणाले, "मग मी सांगायला हवं." पण सांगितलं नाही. तुला पत्र लिहायला तीनदा बसले, डाव्या हातानं, तीनही चुलीत गेली. त्यांच्यावर राग धरायचा असेल तर धर, पण माझ्या वाट्याचा माझ्यावर धर.

ते काडतूस मी एप्रनच्या खिशात घातलं होतं. तेव्हापासून बेकिंग पावडरच्या डब्यात आहे. काल रात्री धीर झाला नाही, आज सकाळी काढलं. पोस्टातून काडतूस पाठवता येत नाही, पोस्टमास्तरीण माझ्याशी बोलणं बंद करेल. म्हणून ठोकून उकललं, दारू गुलाबांत टाकली, आणि गोळी तेवढी या पाकिटात घातली आहे. उजेडात धरून फिरव. चारी बाजूंनी चार ओरखडे दिसतील, खोल, काजळीशिवाय. एवढ्या जड बोल्टवर तू मारलेल्या दहाच्या दहा कागदावर ठेवल्या होत्यास, पोरा. दुसऱ्या कुणाला कागदही सापडला नसता. हे मला तेव्हापासून कुणाला तरी फुशारकीनं सांगायचं होतं.

तर काल. कॉफी ओतून झाली, ते उठले, गाडीत बसले. मी त्या गुडघ्यानं फाटकापर्यंत पळाले. "डॅरेल! त्याचा हात थरथरला नव्हता."

तो काच खाली करून म्हणाला, "मग झालं काय होतं?"

"तेव्हा मैदानात जे जे होते त्यांना घेऊन ये," म्हटलं. "सांगते. दाखवते. पण आधी मला एक पत्र लिहायचंय."

त्यानं टोपी काढली. दिवसात दुसऱ्यांदा.

तुझी रायफल तेलपाणी करून कपाटात उभी आहे. आज तिच्या घशात काजळी लावलेली गोळी घालून माप घेतलं, स्वतः, दोनदा, जॅम न शिजवता. वीस काडतुसं भरलीत. ब्रिटा म्हणते, मामाला सांग मी त्याला हरवणार. मी तिला म्हटलं, आधी बघ तरी.

नाही आलास तरी मी सगळ्यांसमोर बोलणारच आहे. पण तू ऐकावंस असं वाटतं.

तेव्हाही भरणारी आणि आताही भरणारी, तुझी आई,
सिग्ने

डॅरेल आणि बाकीचे शनिवारी, एकवीस तारखेला, सकाळी दहाला येतो म्हणालेत.