दोघींनी ऐकलेला बेडूक

अब्बा, घरात आपण दखनी बोलायचो, पण पत्र मात्र तुम्ही मराठीतच लिहायला लावायचात, म्हणून मराठीतच लिहिते आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी लिहायचं आहे ते तुमच्या त्या लाडक्या विद्यार्थिनीबद्दलच.

तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे ती शाळेत दिसायची ती बहुतेक पावसाळ्यातच. शाळा सुटली की तुम्ही आम्हा दोघींना पाझर तलावावर न्यायचात, बेडकांचे आवाज ओळखायला शिकवायचात, पण विचारायचात तिलाच. एकदा ती आपल्याकडे जेवायला बसलेली. अम्मी भाकरी टाकते आहे, तव्यावरची पहिली भाकरी तुम्ही तिच्या ताटात वाढता आणि मी म्हणते, "हिच्या फ्रॉकला शेरडांचा वास येतो." तुम्ही आवाज चढवला नाहीत. "माफी माग," एवढंच म्हणालात. तिच्यासमोर मागितली. त्याच आठवड्यात तुम्ही तुमची पितळी बॅटरी तिला देऊन टाकलीत. ती मला हवी होती.

आता आम्ही गावातली आठ-दहा माणसं पावसाळ्यात दर रविवारी दिवेलागणीला त्याच तलावावर जमतो आणि कोणकोणते बेडूक ओरडतात त्याची नोंद ठेवतो. अक्षर बरं म्हणून फॉर्म माझ्याकडे असतो, पण अडलं की सगळे वळतात तिच्याकडे. ती सारखी "गुरुजी म्हनायचे" म्हणते, आणि त्यातलं निम्मं मी तुमच्या तोंडून कधीच ऐकलेलं नसतं. माझेच वडील मला तिच्याकडून समजून घ्यावे लागतात.

यंदा सांडव्याजवळच्या कोपऱ्यातला मुरूम रस्त्याला उचलायचं ठरत होतं. तिथे जमिनीत राहणारा तो गोल, फुगीर बेडूक अजून आहे अशी नोंद झाली तर ग्रामपंचायत तो कोपरा सोडणार होती. एका रविवारी त्या कोपऱ्याकडे आम्ही दोघीच गेलो होतो. ती एकदम थांबली.

"ताई, ऐका. त्योच हाय. तुमाला आलं का ऐकू?"

"नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "मंग नका लिवू. गुरुजी म्हनायचे, दोघांनी ऐकल्याबिगर लिवायचं न्हाई."

बांधावरून परत येताना ती माझ्या पायापुढे बॅटरी धरून चालत होती. माझ्यावर संशय घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेत शिकवायला जाण्याआधी, मी फॉर्म घेऊन तिच्या दारात गेले. ती शेरडांना पाला टाकत होती. "मलाही आला होता आवाज," मी म्हणाले, "काल खोटं बोलले." तिने हात लुगड्याला पुसले. "व्हय, मला वाटलंच हुतं," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. का, ते तिने विचारलं नाही. चुलीपाशी बसून फॉर्मवर आम्ही दोघींची नावं लिहिली. तो कोपरा राहिला.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तिला ती सांगितलेली नाही, सांगणारही नाही. ती थांबली त्याच्या आधीच मी तो आवाज ओळखला होता, अब्बा. मला आधी आला होता.