वाळू उत्तरेचीच

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रागावणं बंद. मी मुळात शांत माणूस, लोक राहू देत नाहीत. एप्रिलमध्ये संशोधनाचं जहाज निघतंय, दोन महिन्यांसाठी. आमच्या इन्स्टिट्यूटला त्यावर एकच जागा आहे आणि ती माझी. साहेबांनी तसं म्हणायचं तेवढं बाकी आहे.

दुपार
साडूनेही अर्ज केलाय. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माझ्याच शिफारशीने लागला. अर्जाचं कळलं तेव्हा माझ्या हातात कप होता. भिंत मध्ये आली.

५ फेब्रुवारी
वाद तसा साधा. किनाऱ्यालगत ज्वालामुखींची रांग, दूर समुद्रात प्रचंड खोल चर, आणि या दोन्हींच्या मध्ये तळाशी एक लांबलचक खोलगा. त्यात गाळाचे थरावर थर साठलेत. गाळ आला कुठून? मी म्हणतो, उत्तरेच्या नदीतून, पाण्याखालच्या दरीतून थेट खाली. साडू म्हणतो, दक्षिणेच्या नदीतून, तळाच्या उताराने लांबचा वळसा घेत. उत्तरेच्या वाळूत निळे कण असतात, दक्षिणेच्या वाळूत लाल. खोलग्यातून काढलेला नमुना आमच्याकडे आलाय. ज्याचा रंग निघेल तो जहाजावर जाईल, असं साहेब म्हणाले.
आतापर्यंत सगळे लाल निघालेत. निळे जरा उशिराच सापडतात.

९ फेब्रुवारी
साडू मीटिंगमध्ये म्हणाला, दादा, निळे नाहीतच हो. चारचौघांत दादा म्हणजे म्हातारा म्हणायचं होतं. मी त्याला बसायला खुर्ची दिली. जरा लांबून दिली. कपाळाला टाके पडले. साहेबांनी लेखी माफी मागायला लावली. मी लिहून दिलं की कपाळाबद्दल खेद आहे, वाळूबद्दल नाही.
घरी आल्यावर बायकोला सगळं समजावून सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. ती लेकीला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. समजूतदार बाई. मला विचार करायला एकांत लागतो हे तिला न सांगता कळतं.

१६ फेब्रुवारी
मारामारी झाली असं सगळे म्हणतायत. चूक. चर्चा झाली, तिच्यात हात सामील झाले.
साडूने माझ्या नमुन्याच्या ट्रेमध्ये डोकावून म्हटलं, परत लालच. मी फक्त कॉलर धरली. त्याने कान पिरगाळला. मी तोंडावर ठोसा दिला, त्याने बरगडीत गुडघा घातला. तेव्हा नाइलाजाने उत्तरेच्या नदीवरून आणलेल्या वाळूची पिशवी त्याच्या डोक्यात घातली. पिशवी फुटली, ट्रे उलटला, आम्ही दोघं टेबलासकट खाली. रक्त बरंच होतं, पण बहुतेक त्याचं. सुरक्षारक्षक सोडवायला आला, घाईत त्याच्याही कानाखाली बसली. साडूचा पुढचा दात अर्धा तुटला. शोधला, मिळाला नाही.
विज्ञानाचं नुकसान मात्र मी होऊ दिलं नाही. सगळे गेल्यावर फरशीवरचा कण न् कण झाडून ट्रेमध्ये परत भरला.

१७ फेब्रुवारी
निळे सापडले. ढिगाने.
साडू दवाखान्यात आहे, त्याला फोन करून मुद्दाम कळवलं. तोंड सुजलंय, काय बोलला समजलं नाही. अभिनंदनच असणार.
घरी सांगितलं की जहाजाचं नक्की. दोघींना झालेला आनंद पाहण्यासारखा. बायकोने तिथल्या तिथे माळ्यावरची मोठी बॅग उतरवली. लेकीने कॅलेंडरवर निघायची तारीख खडूने रंगवली. घरात संशोधनाची आवड असायला भाग्य लागतं.

२ मार्च
साहेबांनी नमुना बाहेरच्या लॅबकडे तपासायला पाठवलाय. पाठवू देत. अहवाल येईपर्यंत रागावणं बंद, या वेळी खरोखर.
आतल्या खोलीचं दार दुरुस्त करून घ्यायचं आहे. आतून कडी होती आणि मला मोजे हवे होते.

११ मार्च, डाव्या हाताने
अहवाल आला. निळ्या कणांना नदीकाठचा ताजा चिखल आहे म्हणे, ते समुद्रात कधी गेलेच नव्हते. शिवाय वाळूत माणसाच्या दाताचा तुकडा निघाला, सिमेंट भरलेला. थर काही हजार वर्षांपूर्वीचा. मी म्हटलं, म्हणजे तेव्हाही दातांचे डॉक्टर होते, हा तर आणखी मोठा शोध आहे. साहेबांनी अहवाल मिटून ठेवला. साडूने नुसता ओठ वर करून अर्धा दात दाखवला.
साहेबांच्या टेबलाची काच निकृष्ट होती. एका बुक्कीत गेली. साहेबांच्या गालाला एक तुकडा लागला, थोडक्यात निभावलं. माझा उजवा हात शिवून घेतला.

१२ मार्च
जागा साडूला. मला सक्तीची रजा, पुढचं पत्र येईपर्यंत.
संध्याकाळी घरी सांगितलं की जहाजावर जायचं नाही आणि ऑफिसलाही नाही, आता दिवसभर घरीच. बायको आहे तिथे खाली बसली. लेकीने तिला हळूच विचारलं, म्हणजे बाबा जाणारच नाहीत का? आणि पोर रडायलाच लागली. जवळ घ्यायला गेलो तर आईच्या पाठीमागे सरकली. बापाची निराशा तिला बघवत नसावी.
मग बायकोने आत जाऊन साहेबांना फोन लावला. दाराला फळी नाही, त्यामुळे ऐकू आलं. रडवेल्या आवाजात विचारत होती, दुसरं एखादं जहाज नाही का, कुठलंही चालेल, मासेमारीचं असलं तरी.
मला भरून आलं. माझ्या कामाची एवढी तळमळ मला स्वतःलाही नव्हती.