मॅसेडोनियन पाटी

शनिवार, १४ सप्टेंबर. श्रूजबरी

माझ्या मित्राने, रिस्टोने, आज दगा दिला. ग्रीसमधल्या गावात घरची मॅसेडोनियन भाषा बोलल्या म्हणून त्याच्या आईला शाळेत छड्या बसायच्या, हे त्यानेच मला सांगितलेलं. म्हणून तर टाउनच्या मेळ्यात मॅसेडोनियन लोकांचं ग्रीकांपासून वेगळं टेबल असावं यासाठी मी कमिटीशी भांडलो, 'मॅसेडोनियन' अशी पाटीही रंगवली. आज बघतो तर हा ग्रीकांच्या टेबलामागे उभा! त्याच्या मुलाची सोयरीक ग्रीकांच्यात ठरलीय.

"आम्ही ग्रीकच, यार," मलाच म्हणाला. हे 'यार'सुद्धा माझ्याकडून उचललेलं.

त्याच्या आईला मी मावशीच म्हणतो. त्यांनी मला त्यांच्या भाषेत हाक मारली, तर हा डाफरला, "मॉम, इथे नको." मग त्या शाळेत आणि याच्यात फरक काय?

पाटी गाडीतच राहिली. निघताना ऐकलं, मावशी ताटल्या मोजत होत्या. ओठांतल्या ओठांत, त्याच भाषेत.